अंगात मुरलेले भय



देव्हारे उतरले, बावीस प्रतिज्ञा झाल्या, तरी काही घरांत एक प्रश्न उरतोच. वाड्यापुढून जाताना अजून छाती का धडधडते? साहेबाने आवाज चढवला की तोंडाला कोरड का पडते? जुन्या मारहाणीचा विषय निघाला की आईचे हात का कापतात?

संकट आले की देह झुंजायची किंवा पळायची तयारी करतो. काळीज धडधडते, श्वास आखूड होतो, स्नायू ताठरतात. संकट टळल्यावर हे निवळायला हवे. पण मार आणि अपमान वारंवार झाला, उलट बोलण्याची सोय नव्हती, पळायला वाट नव्हती, तर देह जागताच राहतो. झोप उडते, माणूस दचकतो, डोके-पोट दुखत राहते.

हा भित्रेपणा समजू नये. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्यात नोकरीस गेले. अस्पृश्याला जागा कोण देणार? ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आपल्या भागात अशा त्रासाला करणी-भानामती म्हणून मांत्रिकाकडे नेतात. जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारले गेले. अशाने जुने भय जात नाही, नव्या माणसांच्या अंगात मात्र शिरते.

भगवान बुद्धांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. एक बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. धम्म जाणणारा दुसरा बाण लागू देत नाही. याचा अर्थ पहिला बाण मारणाऱ्याला मोकळे सोडावे असा कोणी घेऊ नये. त्याच्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मनातला बाण काढण्यासाठी मात्र पुढील अभ्यास करावा.

१. पाय जमिनीला टेकवून बसा. सतिपट्ठान सुत्तात सांगितल्याप्रमाणे श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड असे जाणा. भीती वाढली तर डोळे उघडा, उठून सावकाश चाला. चालतानाही स्मृती ठेवता येते.

२. छातीत भार आहे, जबडा आवळला आहे, असे मनाशी म्हणा. वेदना येते तशी जाते, हे पाहा.

३. विश्वासाच्या माणसाजवळ बोला. ऐकणाऱ्याने मध्ये उपदेश करू नये, खोदून विचारू नये.

४. झोप, जेवण, काम बिघडले असेल तर सरकारी दवाखान्यात जा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. औषध घेणे धम्माविरुद्ध नाही.

आणखी एक उपाय बाबासाहेबांनी सर्वांना मिळून करायला लावला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंनी ओंजळीत घेतले. ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची भीती घातली होती, तेच हात पाण्यात बुडाले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात दीक्षेला उभी राहिलेली माणसेही अशीच एकत्र, ताठ उभी होती. भय एकेकट्याच्या अंगात मुरते. ते उतरवायला संघ लागतो. म्हणून घरातल्या कापणाऱ्या हातांना हसू नका. येत्या पौर्णिमेला ते हात धरून त्यांना विहारात आणा.

जय भीम!