एकजिनसी सदरा

तुमच्या गणवेशाच्या सदऱ्याची आतली चिठ्ठी वाचून पाहा. पुष्कळदा तीवर ‘६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के सुती’ असे आढळेल. हेच टेरिकॉट. सदरा तोकडा झाला की धाकट्या भावाकडे जातो, मग बोहारणीकडे, आणि अखेर फडके होऊन उकिरड्यावर. पत्र्याचा डबा भंगारात गेला तर वितळवून त्याचा पुन्हा पत्रा करता येतो. मग सदऱ्याचा पुन्हा सदरा का होऊ नये?

उत्तर स्वयंपाकघरात सापडेल. तांदळातले खडे निवडता येतात. पण तांदळाच्या पिठात मिसळलेले ज्वारीचे पीठ कसे निवडणार? टेरिकॉटच्या धाग्यात पॉलिएस्टर व कापूस यांचे तंतू पिठासारखेच मिसळलेले असतात. रसायने वापरून ते वेगळे करता येतात, पण ते काम खर्चाचे आहे.

आता पॉलिएस्टरचे गुणधर्म पाहू. इंग्लंडमध्ये विनफील्ड व डिक्सन यांनी १९४१ साली या तंतूचा शोध लावला. पुढे तो ‘टेरिलीन’ नावाने विकला गेला. टेरिकॉटमधील ‘टेरि’ तिथलाच. याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. पाण्याची पारदर्शक बाटलीही बहुधा याच पदार्थाची असते. तो सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळतो. मग बारीक छिद्रांतून दाबून त्याचा धागा काढतात. कापूस मात्र वितळत नाही, करपतो. म्हणूनच आजचे पुनर्निर्मित पॉलिएस्टर बहुतांशी बाटल्यांपासून होते, जुन्या कपड्यांपासून फारच थोडे.

शुद्ध पॉलिएस्टरच्या कपड्याला दोन मार्ग मोकळे असतात. पहिला वितळवण्याचा. यात ओलावा राहिला तर पाण्याचे रेणू साखळ्या तोडतात व धागा कमजोर होतो, म्हणून माल आधी कडकडीत सुकवावा लागतो. दुसरा मार्ग रासायनिक. साखळ्या मुद्दाम तोडून मूळचे लहान रेणू मिळवायचे, रंग व मळ काढून ते शुद्ध करायचे आणि पुन्हा जोडायचे. जपानच्या तेजिन कंपनीने २००२ साली जुन्या कपड्यांसाठी अशी योजना सुरू केली. अमेरिकेच्या पॅटागोनिया कंपनीने २००५ पासून आपले वापरलेले पॉलिएस्टर कपडे ग्राहकांकडून परत घेऊन तिकडे पाठवले.

तेव्हा कपड्याचे पुढे काय होणार, हे बरेचसे तो बेतला जातो तेव्हाच ठरते. कापड पॉलिएस्टरचे घेतले, तर शिवणीचा दोरा, चिठ्ठी, चेनची पट्टी आणि कॉलरमधले बकरमही त्याचेच हवे. ताणासाठी स्पँडेक्स घालतात. तो वेगळ्याच जातीचा पदार्थ, म्हणजे पुन्हा पिठात पीठ. त्याऐवजी पॉलिएस्टरचाच धागा स्प्रिंगसारखा कुरळा करून बराच ताण मिळवता येतो.

येथे नावाने फसू नका! सदऱ्याची गुंडी पुष्कळदा ‘पॉलिएस्टर’चीच असते, पण त्या पॉलिएस्टरच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतात. त्यामुळे ती तापवली तरी वितळत नाही. अशी गुंडी म्हणजे तांदळातला खडा. ती सहज कापून काढता येईल अशीच लावावी.

एक प्रयोग करा, पण प्रयोगशाळेत व शिक्षकांच्या समक्षच. शुद्ध सुती आणि शुद्ध पॉलिएस्टर अशा दोन धाग्यांचे तुकडे चिमट्यात धरून, खाली पाण्याची बशी ठेवून, ज्योतीजवळ न्या. सुती धागा कागदासारखा जळून राख होईल. पॉलिएस्टर आक्रसेल, वितळेल आणि निवल्यावर त्याचा टणक मणी बनेल. त्या गरम मण्याला हात लावू नका. नंतर टेरिकॉटचा धागा तपासा. काय उरते?

एकजिनसी सदऱ्याने सारे प्रश्न सुटत नाहीत. धुताना पॉलिएस्टरचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातातच, आणि कपडा परत गोळा झाला नाही तर ही सारी तयारी वाया जाते. म्हणून आहे तो कपडा पुरेपूर वापरणे हे पहिले काम.

स्वाध्याय : घरातील पाच कपड्यांच्या चिठ्ठ्या वाचून तक्ता करा. त्यांत ‘खडे’ कोणते, ‘पीठ’ कोणते? त्यांतला एक कपडा एकजिनसी करायचा झाल्यास तुम्ही काय काय बदलाल?