उन्हाळी पाठ : पाणी उकळलं, पण बर्फाचं काय?



होळी झाली की आमच्या बुवापाड्यात पत्रे तापायला लागतात. दुपारी बारानंतर घरात बसवत नाही आणि बाहेर पाय ठेववत नाही. तुमच्या गावातही तेच असेल. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर हा आपला पट्टा कोकणातला, हवा दमट. घाम येतो, पण तो वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग गार होत नाही. म्हणून विदर्भाएवढा पारा चढला नाही तरी आपल्याकडे ऊन लागतं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात कार्यक्रमाला आलेल्या लोकांना ऊन लागलं आणि 14 जणांचा जीव गेला. खारघर आपल्यापासून किती लांब आहे? म्हणून उन्हाळ्यात दिवसभर थोडं थोडं पाणी पोटात जायला हवं. साधं पाणी नको वाटतं तेव्हा फळांचं, पाल्याचं मुरवलेलं गार पाणी आवडीने प्यायलं जातं. आजचा पाठ त्याचाच.

आधी माझी चूक सांगते

मागे चैत्रातल्या हळदीकुंकवाला सरबताचं काम मी घेतलं होतं. आदल्या रात्री पातेली भरभरून पाणी उकळलं. प्रशिक्षणात शिकलेलं सगळं केलं म्हणून मी खूश. पण दुपारपर्यंत पाणी काही गार होईना. मग नाक्यावरून बर्फाची लादी आणली, गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडली आणि टाकली पिंपात. दुसऱ्या दिवशी तीन घरांतल्या मुलांना जुलाब-उलट्या. एका लहानग्याला तर सलाईन लावावं लागलं. ते बर्फामुळेच झालं असं मी ठामपणे सांगू शकत नाही. पण गटातल्या एका मावशींनी शांतपणे विचारलं, "पोरी, पाणी उकळलंस. पण बर्फ कुठल्या पाण्याचा होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे लक्षात ठेवा : गोठल्याने जंतू मरत नाहीत. बर्फ वितळला की ते परत पाण्यात येतात. मासे ठेवायला, कारखान्यात वापरायला जो बर्फ बनतो तो खाण्यासाठी नसतो. तो ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. निळा बर्फ पेल्यात कधीच नको. पण पांढरा दिसला म्हणजे चांगला, असंही समजू नका. पाणी कुठलं, गोणपाट कसलं, हे आपल्याला कुठे माहीत असतं? बर्फ हवाच असेल तर उकळलेल्या पाण्याचा घरीच लावा.

बर्फाशिवाय गार कसं करायचं?

1. रात्री पाणी उकळा. खळखळ उकळी आल्यावर किमान 1 मिनिट तसंच ठेवा. झाकून निवू द्या आणि सकाळी माठात भरा.
2. माठ आतून काथ्याने घासा. साबण लावू नका, तो मातीत मुरतो.
3. माठातलं पाणी बाहेर झिरपून वाळतं, म्हणून माठ गार होतो. आपल्या दमट हवेत हे हळू होतं. त्यासाठी माठ वाऱ्याच्या जागी, ओल्या वाळूवर ठेवा आणि भोवती ओलं फडकं गुंडाळा.
4. पाणी काढायला लांब दांड्याचा डाव ठेवा. हात बुडवू नका.
5. कापलेली फळं, लिंबू माठात टाकू नका. आंबटपणा मातीत बसतो आणि धुऊन निघत नाही. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मुरवा. तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात आंबट काही ठेवू नका.

फ्रिज नसेल तर : वाळलेल्या वस्तूंचं पाणी

*वाळ्याचं पाणी :* वाळ्याची छोटी जुडी माती जाईपर्यंत धुवा, स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधा आणि रात्रभर माठात सोडा. तीन दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा. वास आहे तोवर परत वापरता येते.

*कोकम-जिऱ्याचं पाणी :* 1 लिटर उकळलेलं पाणी कोमट असताना 10-12 आमसुलं टाका. दोन तासांनी गाळा. 1 चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरता गूळ घाला. आमसुलाला आधीच मीठ असतं, म्हणून आधी चव बघा, मग मीठ.

*सब्जा :* 1 चमचा सब्जा कपभर पाण्यात 20 मिनिटं फुगवा आणि वरच्या कुठल्याही पाण्यात घाला. मुलांना फार आवडतो. पण कोरडा सब्जा तोंडात टाकू देऊ नका, घशात अडकतो.

फ्रिज असेल तर : ओल्या फळांचं, पाल्याचं पाणी

*काकडी-पुदिना-लिंबू :* 1 लिटर पाण्यात अर्ध्या काकडीच्या चकत्या, पुदिन्याची 10-12 पानं आणि लिंबाच्या 4 चकत्या. पुदिना तीन पाण्यांनी धुवा, मुळाकडची माती पानांत लपलेली असते. पानं हाताने जराशी चुरडा म्हणजे वास उतरतो. दोन तासांनी लिंबू काढा, नाहीतर सालीचा कडवटपणा येतो. चार तासांनी सगळं गाळा आणि त्याच दिवशी संपवा.

*गवती चहा-आलं :* दोन पाती आणि आल्याचा तुकडा पाण्यात उकळून गाळा, निववा आणि गार करा. वर लिंबू पिळा.

कैरीचं पन्हं तुम्हाला मी काय शिकवणार! आणि बदलापूरची जांभळं आली की मूठभर पाण्यात कुस्करा, बिया काढून गाळा, चिमूटभर सैंधव घाला. रंगच असा येतो की मुलं मागून पितात.

फ्रिज नसताना ओल्या फळांचं करायचंच असेल तर तासाभरात गाळा आणि लगेच प्या. उन्हाळ्यात कापलेलं फळ लवकर बिघडतं.

हे औषध नाही

जुलाब लागले तर सरबतावर भागवू नका. आशाताईंकडून ओआरएसचं पाकीट आणा. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. माप चुकवू नका. साखरेचा आजार असेल त्यांना गूळही नको, रक्तदाब असेल त्यांना मीठ बेताने.

कोणी उन्हात बरळायला लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपली तर सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

विकायचा विचार असेल तर

अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा, आठवडी बाजार, लग्नसराई, अशा ठिकाणी गटाला संधी आहे. पण आधी अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. वहीत चार रकाने आखा : सामान, गॅस, भाडं आणि तुमची मजुरी. मजुरी लिहायची आपण बाया नेहमी विसरतो, आणि मग तोट्याचा धंदा नफ्याचा वाटतो.

पुढच्या बैठकीत करायचं काम

प्रत्येकीने एक प्रकार घरून करून आणा. चव घ्या आणि एकमेकींना तीन प्रश्न विचारा : पाणी उकळलं होतं का? कशात मुरवलं? कधी गाळलं? आणि गावात पुढच्या कार्यक्रमाला कोणी बर्फाची लादी आणली, तर मावशींचा प्रश्न तुम्ही विचारा. तेव्हा थोडं वाईट दिसेल, पण कोणाच्या तरी लेकराचं सलाईन वाचेल.

भेटूया बैठकीत. माठ भरलेला ठेवा!

तुमची,
क्षेत्र समन्वयक, बुवापाडा