बोर्निओत वाटाड्या कशाला?

प्रश्न : सारावाकमधल्या बारिओच्या जंगलात पाठपिशवी घेऊन भटकायचं आहे. मोबाइलवर नकाशा असताना वाटाड्या कशाला? आणि गावात पैसे देऊन राहणं म्हणजे पाहुणचाराचा बाजारच नाही का?

उत्तर : नकाशा तुम्ही कुठे आहात ते सांगेल, रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला तर सकाळी नदी ओलांडता येईल का, ते सांगणार नाही. वर्दळ थांबली की इथली पायवाटही झाडोऱ्यात बुजते. ब्रुनो मान्सर हा स्विस कार्यकर्ता १९८४ पासून सुमारे सहा वर्षं सारावाकच्या जंगलात पेनान लोकांबरोबर राहिला होता. तरीही २००० साली तो बारिओ परिसरातून एकटाच बाटू लावी डोंगराकडे निघाला, तो पुन्हा दिसला नाही. (तर्क अनेक आहेत, सोबत कोणी नव्हतं, एवढं खरं.)

तुमचा दुसरा आक्षेप अर्धाच पटतो. पाहुण्याला जेवू घालणं ही बारिओतल्या केलाबित लोकांची रीत आहेच, पण ती अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. हंगामभर येणाऱ्या पर्यटकांसाठी नव्हे. भात शेतात राबून पिकवावा लागतो, बाकी बरंचसं सामान विमानाने किंवा खडतर रस्त्याने येतं. फुकट राहणारा हा खर्च यजमानाच्या माथी मारतो. तेव्हा राहण्याचे आणि वाटाड्याचे दर निघण्यापूर्वीच ठरवा, आणि त्यात घासाघीस करू नका.