वेशीचा द्वारपाळ

यरुशलेमचा तट बांधून झाल्यावरही नहेम्याने वेशींवर द्वारपाळ नेमले (नहेम्या ७:१-३). पासवर्डही असाच राखावा लागतो.

मेळघाटातील हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. आज कोरकू विद्यार्थीही शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. पैसे थेट बँक खात्यात येतात. अर्ज भरून देताना आपण सोयीसाठी सर्वांना एकच पासवर्ड देतो व वहीत लिहून ठेवतो. ती वही हरवली, तर सगळ्याच वेशी उघड्या!

प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड करायला शिकवावे. नाव, जन्मतारीख नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडावेत. तो टाकताना आपण मान वळवावी. ओटीपी कोणालाच सांगू नये, आपल्यालाही नाही. फसवणूक झाल्यास त्वरित १९३० वर कळवावे.

दुसऱ्याचे गुपित राखणे हीही सेवाच आहे.