स्पोर्ट बाइक निवडताना : रस्ता की ट्रॅक?

केटीएम आरसी 390 घ्यावी की अप्रिलिया आरएस 457, हा वाद कॉलेजच्या कँटीनमध्ये कधी संपत नाही. नावं ऑस्ट्रिया आणि इटलीची असली तरी दोन्ही गाड्या आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात तयार होतात. पहिली चाकणला बजाजच्या कारखान्यात, दुसरी बारामतीला पियाजिओच्या. मराठी मंडळाच्या अंकात बाइक कशाला, असं कुणी विचारेल. पण कंपनीचा आकड्यांचा तक्ता हाही एक मजकूरच आहे, आणि तो नीट न वाचता आपल्यातले कितीतरी जण वडिलांच्या सहीवर तीन-चार वर्षांचं कर्ज काढतात.

तक्ता असा. 2022 ची आरसी 390 : 373 सीसी, एक सिलिंडर, 43.5 पीएस, वजन 172 किलो. आरएस 457 : दोन सिलिंडर, 47.6 पीएस, 175 किलो. वाद होतो तो या पीएसवर. त्यात सत्तर किलोचा स्वार मिळवून बघा. आरसीवर एका पीएसच्या वाट्याला साधारण 5.6 किलो येतात, आरएसवर 5.1. फरक आहे, पण मैत्री तुटावी एवढा नाही. (कावासाकीच्या 203 पीएसच्या झेडएक्स-10आरवर हाच आकडा 1.4 च्या आत येतो. ती जात वेगळी, तिच्याबद्दल इथे बोलत नाही.)

पुढचा आकडा लोक वाचत नाहीत : ही ताकद मिळते कधी? आरसीला ती 9,000 आरपीएमवर मिळते, आरएसला 9,400 वर. हुबळी-धारवाड रोडवर इंजिन चार-पाच हजारांच्या वर किती वेळ जातं? मधल्या पट्ट्यातून चिगरी बस धावतात, कडेच्या लेनमध्ये रिक्षा, टेम्पो आणि आपण. तिथे उपयोग टॉर्कचा, म्हणजे गाडी पुढे रेटणाऱ्या जोराचा. तो आरसीत 37 न्यूटन-मीटर आणि आरएसमध्ये 43.5, तोही थोड्या कमी आरपीएमवर. म्हणजे गिअर कमी वेळा बदलावे लागतात, आणि दोन सिलिंडरमुळे थरथरही कमी. आरएसचा खरा फायदा हा आहे. टॉप स्पीड नव्हे.

आता बसण्याची ढब. स्पोर्ट बाइकचं हँडल खाली आणि पायटे मागे असतात, त्यामुळे अंग पुढे झुकतं. ट्रॅकवर हे बरोबर आहे, कारण वेग वाढला की वारा छातीला मागे रेटतो आणि हातांवरचा भार उतरतो. उणकल ते नवनगर तीसच्या वेगानं जाताना तेवढा वारा नसतो. सगळा भार मनगटांवर. टायरचंही तसंच. ट्रॅकसाठीचं मऊ रबर तापल्याशिवाय धरत नाही, आणि धारवाडच्या डिसेंबरमधल्या सकाळी ते कॉलेजच्या गेटपर्यंत तापत नाही. कडक सस्पेन्शन गुळगुळीत डांबरावर चाकाला जमिनीशी धरून ठेवतं. आपल्याकडच्या हंपवर आणि खड्ड्यांत तेच चाक उडवतं.

कीथ कोड हे अमेरिकन प्रशिक्षक. 1980 मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू केलं. त्या स्कूलचे वर्ग चेन्नईजवळच्या ट्रॅकवरही झाले आहेत. 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' या 1983 च्या पुस्तकात ते म्हणतात की स्वाराचं लक्ष म्हणजे दहा डॉलरची नोट. ब्रेक, गिअर, वळण, प्रत्येक गोष्टीवर त्यातलं काही खर्च होतं, आणि नोट एकच असते. मला वाटतं गाडी निवडायची खरी कसोटी ही आहे. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, म्हैस आडवी येत नाही, तेव्हा अवघड गाडीवर पाच-सहा डॉलर गेले तरी चालतात. रस्त्यावर सात-आठ डॉलर रस्ताच खातो. ताशी 80 किलोमीटरला एका सेकंदात 22 मीटर मागे पडतात, आणि ब्रेकवर हात जाईपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. बरं, चौपदरी महामार्गावरही दुचाकीला केंद्राची मर्यादा 80 चीच आहे. नव्या गाडीला फादरांकडून आशीर्वाद घेताना हेल्मेट आरशाला टांगलेलं असतं, ते डोक्यावर गेलं तर बरं.

मग ट्रॅक कुठे? आपल्याला जवळचा कोल्हापूरचा मोहिते रेसिंगचा, तो छोटा आहे. त्यानंतर कोइंबतूरचा कारी स्पीडवे, सुमारे 2.1 किलोमीटरचा, आणि चेन्नईजवळचा 3.7 किलोमीटरचा. 2023 ची मोटोजीपी झाली तो बुद्ध सर्किट थेट ग्रेटर नोएडाला. म्हणजे हौशी माणूस वर्षातून दोनदा ट्रॅकवर गेला तरी पुष्कळ. उरलेले 363 दिवस रस्ता.

आणि एक गोष्ट शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर पडलात तर खर्च खिशातून. डिसेंबर 2023 मध्ये आरएस एक्स-शोरूम 4.10 लाखांना आली. तिचं फेअरिंग कोल्हापुरात घासून शिकण्यापेक्षा सेकंडहँड आरसीवर शिकणं मला शहाणपणाचं वाटतं. उलट ज्याला दर पंधरवड्याला बेळगाव किंवा आरबैल घाटातून अंकोल्याकडे जायचं आहे, आणि ट्रॅक म्हणजे कधीतरीची मजा आहे, त्याने आरएस घ्यावी. ज्याचा सगळा प्रवास हुबळी-धारवाडच, त्याने दोन्ही सोडून उंच हँडलची 390 ड्यूक चालवून बघावी. रुबाब थोडा कमी, मनगटं शाबूत.

सेकंडहँड आरसी बघताना ती ट्रॅकवर पडलेली आहे का ते तपासा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि जिथे ते अडतं तो स्टॉपर चेपलाय का बघा. पायट्यांची आणि ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं घासलीत का, फेअरिंगचे स्क्रू एकसारखे आहेत का, पुढच्या फोर्कला तेल आलंय का, तेही बघा. आणि चाचणी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर नको. संध्याकाळी सहाला घ्या, मागे मित्राला बसवून, ज्युबिली सर्कलवरून.