काजूबी ओव्हनमध्ये घालू नका

टरफलासकट असलेली काजूबी घरातल्या ओव्हनमध्ये भाजू नका. हे इतक्या ठासून सांगते, कारण भरे गावातल्या माझ्या मैत्रिणीचे हाल मी जवळून पाहिले.

शिमग्याला तिची नणंद माणगावहून ताम्हिणी घाटाने आली, ती घरच्या झाडाच्या बियांची पिशवी घेऊनच. मग विकतचे काजू कशाला, याच भाजून दोघी मिळून नानकटाई करू, असं ठरलं. मी पोचले तेव्हा पहिला ट्रे आत गेलेला होता. खिडक्या बंद, घरभर झोंबरा धूर, आणि काचेतून दिसत होतं की टरफलांतून काळपट तेल पाझरून ट्रेमध्ये चरचरतंय. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मुलांना अंगणात पिटाळलं. ओव्हन गार होईपर्यंत त्याचं दार मात्र उघडलं नाही. हे तेल पेट घेतं.

पुढे खरा घोटाळा झाला. "आता वाया कशाला घालवायच्या?" म्हणत मैत्रीण अडकित्ता घेऊन उघड्या हातांनी बिया फोडायला बसली. हाताला काही तरी लाव म्हटलं, तर "अगं, काजूच तर आहे!" त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड आले आणि पापण्या सुजून डोळे उघडेनात. तेलाचा हात डोळ्यांना लागला होता.

काजूच्या टरफलाला दोन थर असतात आणि मधल्या जाळीत हे तेल भरलेलं असतं. बिब्बा आणि आंबा काजूच्याच कुळातले. बिब्बा उततो, आंब्याचा चीक ओठाला लागला की पोळतं, तसलाच हा दाहक पदार्थ. काहींना तो लगेच भाजतो, काहींना एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं, म्हणून पहिल्या दिवशी माणूस गाफील राहतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कारखान्यांत बी आधी वाफेवर शिजवतात, गार करून यंत्राने कापतात, आणि तरीही कामगार बायका हाताला तेल किंवा राख लावतात. कोकणात घरी भाजतात तेही उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून. 1982 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघाने मदतनिधीसाठी काजू विकले. मोझांबिकहून आलेल्या त्या काजूंत टरफलाचे तुकडे राहिले होते. ते खाऊन 54 जणांच्या अंगावर पुरळ उठलं. म्हणजे नुसता हात जपून भागत नाही, गरात टरफलाची कपचीसुद्धा राहता कामा नये.

तेल लागलंच तर ताबडतोब साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवा. नखांखालीही. फोड फोडू नका, हळद-चुना चोपडू नका, आणि तोंडावर किंवा डोळ्यांपाशी सूज आली तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. धुरात श्वास कोंडला तर अजिबात थांबू नका.

नानकटाई आम्ही नंतर केलीच, वाण्याकडच्या काजू तुकड्याची. कुटायचाच असतो, अख्ख्या काजूला जास्त पैसे का मोजायचे? तुकडा 150 अंशांवर आठ-दहा मिनिटं, मधे एकदा हलवून, फिका बदामी होईपर्यंत भाजावा. पूर्ण गार झाल्यावरच चमचाभर मैदा घालून मिक्सर थांबत थांबत फिरवावा. गरम काजू फिरवला की तेल सुटून लगदा होतो. डबा शेजारी देण्याआधी मात्र घरात कुणाला काजू-शेंगदाणे वर्ज्य आहेत का, ते विचारा. ही ॲलर्जी वेगळी, आणि जिवावर बेतू शकते.

कोकणातले पाहुणे यायचे असतील तर त्यांना आधीच फोन करून सांगा: बी आणू नका, तिकडेच सोलून गर तेवढा आणा.