मतदारांची यादी कुठे पाहावी?

मतदानाचा दिवस होता. शाळेपुढे रांग लागली होती. एक आजी सकाळी सातालाच येऊन उभ्या राहिल्या. अंगावर धुतलेले लुगडे, हातात ओळखपत्र. त्यांची पाळी आली. आतल्या माणसाने कागदावरून बोट फिरवले. पान उलटले. पुन्हा बोट फिरवले.

"आजी, तुमचं नाव यादीत नाही."

"नाही कसं? हे कार्ड बघा की. फोटू माझाच आहे ना?"

"फोटो तुमचाच आहे, आजी. पण यादीत नाव नाही. मग मत देता येत नाही."

आजी परत फिरल्या. पारावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मागच्या खेपेला मत दिलं होतं मी. मधल्या मधे मेले का काय?"

पारावरची माणसे हसली. पण आजींचे बोलणे खरे निघाले. त्याच नावाच्या दुसऱ्या एक आजी गावात वारल्या होत्या. नाव मात्र या आजींचे कापले गेले होते. बरे, हे यादीत आधी दिसत नव्हते का? दिसत होते. यादी लागली होती. ती कोणी वाचली नव्हती, एवढेच.

आमच्या रात्रीच्या वर्गात या गोष्टीवर पुष्कळ बोलणे झाले. तेच इथे सांगतो.

ओळखपत्र वेगळे आणि यादी वेगळी. तुम्ही कोण, हे ओळखपत्र सांगते. तुम्हाला मत आहे की नाही, हे यादी सांगते. आपल्या देशात पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. फोटोचे ओळखपत्र निघाले ते १९९३ सालापासून. म्हणजे चाळीस वर्षे लोकांनी ओळखपत्रावाचून मते दिली. यादीवाचून मात्र कोणी कधी मत दिलेले नाही.

मग ही यादी असते कुठे? पुष्कळांना वाटते, तहसील कचेरीतल्या कपाटात कुलूप घालून ठेवतात. तसे नाही. १९६० सालचे मतदार नोंदणीचे नियम आहेत. यादी तयार झाली की आधी ती कच्ची लोकांपुढे ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. कचेरीत तिला प्रारूप यादी म्हणतात. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कचेरीत ती पाहायला मिळते. शिवाय त्या त्या भागाची यादी लोकांना जाता येईल अशा ठिकाणीही ठेवावी लागते. बहुधा ती जागा म्हणजे तुमचे मतदान केंद्र, म्हणजे गावची शाळा. कोणत्या तारखेपर्यंत हरकत घेता येईल, ते नोटिशीत लिहिलेले असते. ती तारीख आधी वाचा.

यादी पाहायला पैसे पडत नाहीत. "तुम्ही कोण? तुम्हाला कशाला हवी?" असे कोणी विचारले तर सांगा, "नाव बघायचं आहे." तेवढे पुरे.

पैसे पडतात ते नकलेला. शिक्क्याची नक्कल हवी असली तर तिची फी असते. ती फी राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी ठरवतात. कचेरीतल्या कारकुनाने ती ठरवायची नसते. म्हणून आधी फी विचारा, पैसे भरा आणि पावती घ्या. साऱ्या मतदारसंघाची यादी मागण्याचे कारण नाही. यादीचे भाग पाडलेले असतात. आपल्या केंद्राचा भाग क्रमांक सांगा आणि तेवढाच भाग मागा. एका पानावर साधारण तीस नावांच्या चौकटी बसतात. हजार-बाराशे मतदारांचा भाग असला तर पस्तीस-चाळीस पाने होतात. पाच घरांनी मिळून एक नक्कल घेतली तर कोणालाच जड जात नाही.

आता आणखी एक सोय झाली आहे. यादी संगणकावर फुकट मिळते. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, तो मोबाईलवर काढून देईल. १९५० या नंबरावर फोन करूनही नाव विचारता येते. मतदारांच्या नोंदणीचा कायदा झाला तो १९५० सालीच. नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे.

मान्यता मिळालेल्या पक्षांना यादीच्या दोन प्रती फुकट मिळतात. म्हणून निवडणूक आली की पक्षाचा माणूस यादी काखेत मारून दारी येतो. आपण त्यालाच विचारतो, "दादा, आमचं नाव आहे ना?" तो म्हणतो, "आहे, आहे." विचारायला हरकत नाही. पण तो आपल्या पक्षाची नावे आधी पाहणार आणि तुमचे मागाहून. आता तुम्हाला वाचता येते. मग त्याला का विचारावे?

वाचायचे कसे? पहिल्या पानावर मतदारसंघाचे नाव आणि भाग क्रमांक असतो. पुढे प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, मतदाराचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, घर क्रमांक, वय, आणि पुरुष की स्त्री, हे असते. नाव सापडले म्हणून लगेच उठू नका. पुरवणी यादी असली तर तीही पाहा. नवी आलेली नावे आणि वगळलेली नावे तिथे कळतात. घरातल्या साऱ्यांची नावे पाहा. वारलेल्या माणसाचे नाव राहिले असले तर तेही कळवा.

बायकांच्या नावांचा घोटाळा जुना आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करणारे घरोघर गेले. पुष्कळ बायांनी आपले नाव सांगितलेच नाही. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढेच सांगितले. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. ते म्हणाले, असे चालायचे नाही, बाईचे स्वतःचे नाव पाहिजे. शेवटी सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गेली. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतल्या होत्या. हुकूम कडक होता खरा. पण पुढे बाया आपली नावे सांगू लागल्या.

आपल्याकडे आज वेगळी अडचण आहे. लग्न झाले की मुलीचे आडनाव बदलते, गाव बदलते. कुठे कुठे सासरी पहिले नावही बदलतात. माहेरच्या यादीतून नाव निघते आणि सासरच्या यादीत चढत नाही. पोर दोन्हीकडून राहते. सासूबाईंनी हे मनावर घ्यावे.

नाव नसले तर काय करावे? नव्या नावासाठी नमुना ६ भरावा. चूक दुरुस्त करायला किंवा पत्ता बदलायला नमुना ८. नाव कमी करायला नमुना ७. या अर्जांना फी नाही. वय अठरा पुरे पाहिजे. पूर्वी त्यासाठी वर्षातून एकच तारीख धरत, १ जानेवारी. २०२२ सालापासून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. निवडणूक लागल्यावर मात्र धावाधाव करून उपयोग नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख गेली की निवडणूक होईपर्यंत यादीला हात लावता येत नाही.

आणि तुमच्या नावावर कोणी खोटी हरकत घेतली तर? गाव सोडून गेला, असे सांगून कोणाचेही नाव परस्पर कापता येत नाही. आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. कोणाच्या नावावर हरकत आली, त्याची यादीही कचेरीत लावतात. खोटे लिहून देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

यादी उघड असण्याचे मोल २०२५ साली बिहारात दिसले. तिथे यादी नव्याने केली. कच्च्या यादीत सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत. कोणाची आणि का, हे लोकांना कळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की, गळलेली नावे कारणासह जाहीर करा आणि गावच्या कचेऱ्यांतही लावा. कारण वाचल्याशिवाय माणूस हरकत तरी कशावर घेणार?

आमच्या आजींनी पुढे नमुना ६ भरला. अर्ज सुनेने लिहिला. पुढची कच्ची यादी शाळेत लागली त्या दिवशी दोघी गेल्या. सुनेने बोट फिरवत फिरवत नाव वाचले. आजी म्हणाल्या, "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचले.

मग आजी शाळेतल्या बाईंना म्हणाल्या, "बाई, वय पाच वर्षांनी कमी लावलंय. राहू द्या का?"

बाई म्हणाल्या, "नाही आजी. नमुना ८ भरा."